मराठी नोंदींचा सन्निकट शोध आणि रिलेशनल डेटाबेसमधील इंडेक्सची निवड

सारांश

रिलेशनल डेटाबेसमध्ये साठविलेल्या मजकुरातून तंतोतंत जुळणारी नोंद शोधणे सोपे असते. तथापि शोधणाऱ्याने लिहिलेला शब्द व साठविलेला शब्द यांत एखाद्या मात्रेचा वा अनुस्वाराचा फरक असल्यास नेहमीचा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. अशा सन्निकट शोधासाठी पोस्टग्रेस-क्यू-एल या मुक्त डेटाबेस प्रणालीत ट्रायग्रामवर आधारित जिन व जिस्ट हे दोन इंडेक्सप्रकार उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात या दोहोंची रचना, त्यांची बलस्थाने व मर्यादा यांचे विवेचन केले असून, निवड केवळ वेगाच्या आधारे न करता विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या व भाषेच्या स्वरूपावरून करावी, असे मराठी उदाहरणांच्या आधारे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : रिलेशनल डेटाबेस, सन्निकट शोध, ट्रायग्राम, जिन, जिस्ट, बी-ट्री, देवनागरी, शुद्धलेखन.

१. प्रस्तावना

ग्रंथालयाची दाखल नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, गावांच्या याद्या अशा अनेक कागदी दप्तरांचे रूपांतर आता संगणकीय नोंदींत झाले आहे. कागदी वहीत शोध घेणारा लिपिक 'दीक्षित' आणि 'दिक्षित' ही दोन्ही रूपे एकाच नजरेत ओळखतो. संगणक मात्र ही दोन भिन्न नावे समजतो आणि 'नोंद आढळत नाही' असे उत्तर देतो. नोंद अस्तित्वात असूनही ती न सापडणे ही केवळ तांत्रिक गैरसोय नव्हे. दाखल्यासाठी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती नोंद नसल्यासारखीच असते.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला ऐतिहासिक परिमाणही आहे. १९६२ मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार वगळले. त्यामुळे 'गांव', 'नांव' ही जुनी रूपे व 'गाव', 'नाव' ही नवी रूपे एकाच संग्रहात शेजारी शेजारी आढळतात. यांपैकी कोणतेही रूप लिहिणाऱ्याची चूक मानता येत नाही. ते त्या त्या काळाचे लेखन होय. म्हणूनच अशा संग्रहाला सन्निकट शोधाची सोय असणे आवश्यक ठरते.

२. उद्दिष्टे

(१) सन्निकट शोधासाठी नेहमीचा बी-ट्री इंडेक्स अपुरा का पडतो हे स्पष्ट करणे.
(२) ट्रायग्रामवर आधारित सादृश्यमापनाची रीत देवनागरी शब्दांच्या आधारे समजावून देणे.
(३) जिन व जिस्ट या इंडेक्सप्रकारांची तुलना करून निवडीचे निकष मांडणे.

३. बी-ट्री इंडेक्सची मर्यादा

रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांचा बी-ट्री या रचनेवरील शोधनिबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही बहुतेक सर्व रिलेशनल प्रणालींचा हाच मूलभूत इंडेक्स आहे. यात मूल्ये क्रमाने लावलेली असतात, जसे शब्दकोशात शब्द लावलेले असतात. शब्दाचा आरंभ ठाऊक असेल तर शब्दकोश उपयोगी पडतो. केवळ मधला भाग ठाऊक असेल तर संपूर्ण कोश चाळावा लागतो. बी-ट्रीचेही तसेच आहे. 'पिंपळ' या अक्षरांनी सुरू होणारी सर्व गावे तो तत्काळ देऊ शकतो. मात्र पोस्टग्रेस-क्यू-एलमध्ये डेटाबेसचे लोकेल 'सी' हे नसल्यास त्यासाठी नमुनाशोधाचा विशेष ऑपरेटर-वर्ग निवडून इंडेक्स बांधावा लागतो. ज्यांच्या नावात कोठेही 'पिंपळ' आहे अशी गावे शोधायची असल्यास बी-ट्रीचा क्रम उपयोगी पडत नाही, आणि आरंभीच्याच मात्रेत फरक असल्यास तर तो शोधणाऱ्याला चुकीच्या पानावर नेतो.

४. सादृश्य मोजण्याच्या पद्धती

दोन शब्द किती जवळचे आहेत हे मोजण्याच्या तीन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिली ध्वनिसंकेताची. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले तिचेच रूप पुढे 'साउंडेक्स' या नावाने रूढ झाले. ही पद्धत इंग्रजी उच्चारांवर बेतलेली असून यूटीएफ-८ सारख्या बहुबाइट संकेतनात ती नीट चालत नाही, असे पोस्टग्रेस-क्यू-एलच्या हस्तपुस्तिकेतच नमूद आहे. दुसरी पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या संपादन-अंतराची. एका शब्दाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यास किती वर्ण घालावे, गाळावे किंवा बदलावे लागतात, ती संख्या म्हणजे हे अंतर. हे माप मराठीलाही लागू पडते. परंतु पोस्टग्रेस-क्यू-एलमध्ये ते मोजणाऱ्या फलनाला इंडेक्सचा आधार नाही, त्यामुळे प्रत्येक नोंदीशी तुलना करावी लागते. काही लक्ष नोंदी असल्यास ही गोष्ट महागात पडते.

तिसरी पद्धत ट्रायग्रामची. पोस्टग्रेस-क्यू-एलच्या 'पीजी-ट्रायग्राम' या विस्तारात ती उपलब्ध असून ओलेग बार्तुनोव्ह व तेओदोर सिगाएव्ह हे तिचे कर्ते होत. या पद्धतीला इंडेक्सचा आधार मिळतो, म्हणून पुढील विवेचन तिच्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

५. ट्रायग्रामचे गणित व देवनागरी

लगतच्या तीन वर्णांचा गट म्हणजे ट्रायग्राम. गट पाडण्यापूर्वी शब्दाच्या आधी दोन व नंतर एक रिकामी जागा जोडली जाते. त्यामुळे क्ष वर्णांच्या शब्दाचे जास्तीत जास्त क्ष अधिक एक इतके गट पडतात. दोन शब्दांतील समान गटांची संख्या भागिले दोहोंतील एकूण वेगळ्या गटांची संख्या, हे त्यांचे सादृश्य होय. ते ० ते १ च्या दरम्यान असते. प्रणालीत मूळचा उंबरठा ०.३ इतका ठरविलेला आहे. त्याहून कमी सादृश्य असलेली नोंद उत्तरात येत नाही.

येथे 'वर्ण' म्हणजे यूनिकोड चिन्ह, आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'दी' हे एक अक्षर असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती 'द' व दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. 'क्ष' मध्ये हलन्तासह तीन चिन्हे आहेत. त्यानुसार 'दीक्षित' व 'दिक्षित' या प्रत्येकाची सात चिन्हे व आठ गट होतात. त्यांपैकी पाच गट समान आहेत. एकूण वेगळे गट अकरा. सादृश्य ५ भागिले ११, म्हणजे सुमारे ०.४५. उंबरठा ओलांडला जातो व नोंद सापडते. 'पिंपळगांव' व 'पिंपळगाव' यांत सात गट समान असून एकूण गट बारा आहेत. सादृश्य सुमारे ०.५८. तीही नोंद सापडते.

परंतु शब्द आखूड झाला की चित्र बदलते. 'नांव' व 'नाव' यांत केवळ दोन गट समान आणि एकूण गट सात. सादृश्य सुमारे ०.२९. 'शिला' व 'शीला' यांत दोन गट समान, एकूण आठ, सादृश्य ०.२५. दोन्ही जोड्या मूळच्या उंबरठ्याखाली राहतात. उलट 'शिला' व 'शिल्पा' यांत तीन गट समान व एकूण नऊ असल्याने सादृश्य सुमारे ०.३३ भरते. म्हणजे कोणी 'शिला' असे लिहून शोध घेतल्यास संगणक 'शिल्पा' ही नोंद पुढे करील आणि ऱ्हस्व-दीर्घाचाच फरक असलेली 'शीला' ही नोंद गाळून टाकील. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा निकाल उफराटा आहे. गणिताच्या दृष्टीने मात्र तो बिनचूक आहे.

दीर्घ मजकुरात उलट प्रकारची अडचण येते. लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथाचे पूर्ण नाव 'श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र' असे आहे. वाचक मात्र 'गीतारहस्य' एवढेच लिहितो. पूर्ण नावाचे ४२ गट, शोधशब्दाचे १०, समान ८. सादृश्य ८ भागिले ४४, म्हणजे सुमारे ०.१८. शोधशब्द नावात जसाच्या तसा असूनही ग्रंथ सापडत नाही. यासाठी २०१६ च्या ९.६ या आवृत्तीत 'शब्द-सादृश्य' हे वेगळे माप आणले गेले. ते शोधशब्दाची तुलना संपूर्ण मजकुराशी न करता त्यातील सर्वांत जुळणाऱ्या सलग भागाशी करते. या मापाने वरील उदाहरणात ०.८ हे मूल्य मिळते व त्याचा मूळचा ०.६ हा उंबरठा सहज ओलांडला जातो. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत आलेले 'काटेकोर शब्द-सादृश्य' हे माप मात्र भागाच्या सीमा शब्दांच्या सीमांशी जुळाव्यात अशी अट घालते. सामासिक शब्दात दडलेल्या 'गीतारहस्य'ला त्या मापाने सुमारे ०.३३ इतकेच मूल्य मिळते व ०.५ चा उंबरठा गाठता येत नाही. समासप्रचुर मराठी शीर्षकांसाठी म्हणूनच दुसरे माप अधिक सोयीचे ठरते.

६. जिन व जिस्ट : रचना आणि स्वभाव

६.१ जिन

जिन हा इंडेक्स २००६ च्या ८.२ या आवृत्तीत दाखल झाला. ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात. तशीच याची रचना आहे. प्रत्येक ट्रायग्रामपुढे तो ज्या नोंदींत येतो त्यांची यादी असते. शोधशब्दाचे गट पाडून त्यांच्या याद्या एकत्र तपासल्या की संभाव्य नोंदी हाती येतात. हे केवळ उमेदवार असतात. प्रत्यक्ष मजकुराशी पुन्हा ताडून पाहिल्यावरच अंतिम उत्तर ठरते.

मजकुरात कोठेही येणारा तुकडा शोधण्यास ट्रायग्राम इंडेक्सचा उपयोग २०११ च्या ९.१ पासून, तर रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शोधास २०१३ च्या ९.३ पासून होऊ लागला. मोठ्या संग्रहात अशा शोधासाठी जिन विशेष परिणामकारक ठरतो. मात्र तुकड्यातून एकही पूर्ण गट निघत नसेल तर संपूर्ण इंडेक्स वाचावा लागतो. 'राम' या तुकड्यात तीन चिन्हे असल्याने एक गट मिळतो. 'मन' या तुकड्यात दोनच चिन्हे असल्याने मधल्या स्थानी एकही गट मिळत नाही.

जिनची दुसरी बाजू लेखनाची आहे. एक नवी नोंद भरताना तिच्या प्रत्येक गटाच्या यादीत भर घालावी लागते. हा भार हलका करण्यासाठी २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून नव्या नोंदी प्रथम एका प्रलंबित यादीत ठेवल्या जातात आणि नंतर एकत्रितपणे मुख्य रचनेत नेल्या जातात. या यादीची मूळची मर्यादा ४ मेगाबाइट आहे. यादी लांबली की शोध मंदावतो, कारण ती प्रत्येक शोधात स्वतंत्रपणे वाचावी लागते.

६.२ जिस्ट

जिस्ट या व्यापक वृक्षरचनेची कल्पना जोसेफ हेलरस्टाइन, जेफ्री नॉटन व आवी फेफर यांनी १९९५ मध्ये मांडली. ट्रायग्रामसाठी वापरताना वृक्षाच्या वरच्या पातळ्यांवर गटांची 'स्वाक्षरी' साठविली जाते. स्वाक्षरी म्हणजे ठरावीक लांबीची शून्य-एकांची पट्टी. प्रत्येक गट तीतील एखाद्या स्थानी एक उमटवितो. मूळची लांबी केवळ १२ बाइट आहे. नोंदी वाढल्या की वरच्या पातळीवरील पट्ट्यांत जवळजवळ सर्वत्र एक उमटतात आणि कोणती फांदी टाळावी हे सांगण्याची त्यांची क्षमता घटते. मोठ्या टेबलावर जिस्ट मंद होतो त्याचे कारण हेच. २०२० च्या १३ व्या आवृत्तीपासून स्वाक्षरीची लांबी २०२४ बाइटपर्यंत वाढविता येते. लांबी वाढविल्यास शोध नेमका होतो, पण इंडेक्सचा आकारही वाढतो.

जिस्टचे वैशिष्ट्य असे की, तो अंतराच्या क्रमाने नोंदी देऊ शकतो. 'या शब्दाला सर्वांत जवळच्या दहा नोंदी द्या' हा प्रश्न ९.१ आवृत्तीपासून तो थेट इंडेक्सवरून सोडवितो. जिनला हे शक्य नाही. त्याला उंबरठा ओलांडणाऱ्या सर्व नोंदी काढून मग त्यांची क्रमवारी लावावी लागते.

७. निवडीचे निकष

२००८ च्या ८.३ आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेत पूर्ण-मजकूर शोधासंदर्भात जिनचा शोध जिस्टच्या सुमारे तिप्पट जलद व त्याची बांधणी सुमारे तिप्पट वेळखाऊ असा ठोकताळा दिला होता. २०१४ च्या ९.४ आवृत्तीत जिनच्या याद्या संकुचित करून साठविण्याची सुधारणा झाली. त्यामुळे जुन्या पटींवर विसंबून राहणे उचित नाही. त्याऐवजी पुढील निकष उपयुक्त ठरतात.

(१) शब्दाचा आरंभ निश्चित असल्यास बी-ट्री पुरेसा आहे.
(२) मजकुराच्या मधला तुकडा शोधायचा असल्यास, संग्रह मोठा असल्यास आणि नव्या नोंदींचे प्रमाण वाचनाच्या मानाने कमी असल्यास जिन निवडावा. ग्रंथालयाची तालिका हे याचे नमुनेदार उदाहरण होय.
(३) मोजक्या सर्वांत जवळच्या नोंदी हव्या असल्यास जिस्ट निवडावा. नावांची यादी पाहून मनुष्य स्वतः योग्य नोंद निवडणार असेल तेथे हा प्रकार योग्य होय.
(४) लांबलचक परिच्छेदांत शब्दशोध करायचा असल्यास पूर्ण-मजकूर शोधाचा जिन इंडेक्स वापरावा व वेगळ्या शब्दांचे एक स्वतंत्र टेबल करून त्यावर ट्रायग्राम इंडेक्स बांधावा. शोधणाऱ्याला शब्दाचे योग्य रूप त्या छोट्या टेबलावरून सुचविता येते.

यांतील तिसऱ्या निकषामागील विचार अधिक खोल आहे. उंबरठ्याचा प्रश्न विचारला की उत्तर रिकामे येण्याची शक्यता असते. जवळच्या दहा नोंदींचा प्रश्न विचारला की टेबलात नोंदी आहेत तोवर उत्तर रिकामे येत नाही. 'नोंद आढळत नाही' या वाक्याऐवजी 'यांपैकी आपली नोंद कोणती?' असे विचारता येते. इंडेक्सचा प्रकार ठरविणे म्हणजे शोधणाऱ्याशी कोणत्या प्रकारचा संवाद व्हावा हे ठरविणेच होय.

निवडीनंतर एक तांत्रिक दक्षता घ्यावी लागते. 'सादृश्याचे मूल्य ०.३ हून अधिक' अशी फलनाची अट लिहिल्यास इंडेक्स वापरला जात नाही; त्यासाठी सादृश्यदर्शक ऑपरेटरच वापरावा लागतो. क्रमवारीसाठीही अंतरदर्शक ऑपरेटर आवश्यक असतो. इंडेक्स खरोखर वापरला गेला की नाही, तसेच पुनर्तपासणीत किती उमेदवार गळाले, हे 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' या आदेशाने पडताळून पाहता येते.

८. इंडेक्सपूर्वीची भाषिक तयारी

कोणते चिन्ह अक्षर मानावे हे डेटाबेसच्या लोकेलवर अवलंबून असते. 'सी' हे लोकेल निवडल्यास देवनागरी चिन्हे अक्षरे म्हणून ओळखली जातीलच याची शाश्वती नसते. वरील सर्व आकडेमोड मात्रा, अनुस्वार व हलन्त यांची अक्षरांत गणना होते असे गृहीत धरून केली आहे. हे गृहीतक आपल्या प्रणालीत खरे आहे का, याच्या दोन सोप्या चाचण्या आहेत. 'शिला' व 'शीला' यांचे सादृश्य ०.२५ यावे, ते १ आल्यास वेलांट्या गळत आहेत. तसेच 'क्र' आणि मध्ये रिकामी जागा सोडून लिहिलेले 'क र' यांचे सादृश्य सुमारे ०.१४ यावे, ते १ आल्यास हलन्त गळत आहे. अशा वेळी शब्दांचे तुकडे पडतात व पुढील कोणताही इंडेक्स विश्वासार्ह राहत नाही.

दुसरी बाब एकाच दृश्यरूपाच्या दोन संकेतनांची. 'दऱ्या' या शब्दातील ऱ्य हा जोड नुक्ताधारी र व हलन्त यांनी लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त व शून्य रुंदीचे जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असतात. १३ व्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले यूनिकोड प्रमाणीकरणाचे फलन काही भेद मिटविते. जोडचिन्हाचा हा भेद मात्र स्वतंत्र नियमानेच मिटवावा लागतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे 'शोधरूपा'चा स्वतंत्र कॉलम. मूळ नोंदीला हात न लावता तिच्यापासून एक प्रमाणित रूप तयार करावे : ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ करावेत, 'गांव'-'नांव' यांसारख्या शब्दांतील जुना अनुस्वार वगळावा, जोडचिन्हे काढावीत. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून असा कॉलम प्रणाली स्वतःच अद्ययावत ठेवू शकते. शोधशब्दालाही तेच नियम लावले की 'शिला' व 'शीला' यांचे शोधरूप एकच होते आणि सादृश्य ०.२५ ऐवजी १ होते. जी नोंद 'शिल्पा'च्या मागे पडत होती ती यादीच्या अग्रभागी येते. 'शिला' म्हणजे दगड व 'शीला' हे नाव यांतील अर्थभेद अशा रूपात लोपतो हे खरे. म्हणून उत्तर दाखविताना नेहमी मूळ नोंदच दाखवावी व अंतिम निवड वाचकावर सोडावी.

९. निष्कर्ष

बी-ट्री, जिन व जिस्ट यांपैकी कोणताही इंडेक्स निरपवादपणे श्रेष्ठ नाही. आरंभशोधास बी-ट्री, मोठ्या संग्रहातील तुकडाशोधास जिन आणि निकटतम नोंदींच्या यादीस जिस्ट, असे स्थूल विभाजन करता येते. तथापि इंडेक्सची निवड चुकल्यास होणारे नुकसान प्रायः वेळेचे असते. उत्तर उशिरा येते, पण येते. उंबरठा, माप किंवा वर्णांचे प्रमाणीकरण चुकल्यास मात्र उत्तर त्वरित येते आणि त्यात हवी ती नोंद नसते. या दुसऱ्या प्रकारची चूक शोधणाऱ्याला दिसतही नाही, कारण न सापडलेल्या नोंदीची खूण पडद्यावर उमटत नाही. म्हणून मराठी नोंदींसाठी डेटाबेसची आखणी करताना आधी लिपीची चाचणी, मग शोधरूपाचे नियम, त्यानंतर प्रश्नाचे स्वरूप व शेवटी इंडेक्सचा प्रकार, हा क्रम पाळणे हितावह ठरेल. त्या त्या संग्रहातील प्रत्यक्ष आढळणाऱ्या लेखनभेदांच्या जोड्या जमवून त्यांवर उंबरठा पारखून घेतल्यास खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला 'नोंद आढळत नाही' असे उत्तर विनाकारण ऐकावे लागणार नाही.